पाय न उचलता तवंदी घाट

माझा धाकटा भाऊ परशराम निपाणीत तंबाखूची वखार चालवायचा, लॉऱ्यांचा ताफा चालवायचा, आणि माणसंही आपण तशीच चालवू शकतो असा त्याचा ठाम समज होता. त्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही बेळगावहून गेलो होतो. पंगत बसली, आणि सगळ्यांच्या देखत तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, ते गॅरेज बंद करून टाका बगू. निपाणीला या. माज्या वर्कशॉपात हेडमिस्त्री म्हणून ऱ्हावा. आक्काबी माज्या डोळ्यापुढं ऱ्हाईल."

माझ्या नवऱ्याचं नाव शरच्चंद्र. त्यांना मी पुढे 'हे' म्हणणार आहे, कारण नाव घ्यायची मला सवय नाही. तर हे भात कालवत राहिले. 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती त्या न म्हटलेल्या 'नाही'मुळे. खडेबाजाराच्या टोकाला आमचं गॅरेज होतं. वकिलाचा मुलगा कोर्टाची पायरी सोडून ग्रीसमध्ये हात घालतो म्हणून अर्धं बेळगाव हसायचं, तरी गाड्या मात्र आमच्याकडेच आणायचं. ह्यांच्या हातात जादू होती. पण हे स्वतःला दुरुस्ती करणारा मिस्त्री समजायचे. इंजिनं बांधणारे म्हणजे साहेबलोक, आपण त्यांनी बांधलेलं नीट करून द्यायचं, एवढीच स्वतःची किंमत. एक इंजिन मात्र हे स्वतःच्या डोक्यानं बांधत होते, आणि तेसुद्धा गोणपाटाखाली झाकून, चोरी केल्यासारखं.

ते गोणपाट माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला राहवलं नाही.

"परशा," मी म्हटलं, "तुझ्या त्या लांबड्या गाडीला आमच्या इंजिनानं तवंदीच्या घाटात मागं टाकलं तर?"

परशरामानं एका संस्थानिकाकडून अमेरिकन गाडी घेतली होती. तिचं नाक एका गल्लीत आणि शेपूट दुसऱ्या गल्लीत. तो मोठ्यानं हसला. "टाका की! दसऱ्याला घाट चढू. दाजींची गाडी फुडं गेली तर माज्या समद्या लॉऱ्या हितनं फुडं तुमच्याच दारात येतील. मी फुडं गेलो तर गॅरेजला कुलूप, आन् दाजी निपाणीला. बोला."

"बोलले," मी म्हटलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. परतीच्या वाटेवर संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. शेवटी हे म्हणाले, "कल्याणी, जरा मला विचारलं असतंस तर?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. मला भीती वाटत होती ती त्याचीच. नवऱ्यासकट भावाच्या दारात राहायला जायचं, वहिनीच्या हातून भाकरी घ्यायची आणि ह्यांना रोज 'होय मालक' म्हणताना बघायचं, यापेक्षा मी तंबाखूच्या कोठारात गुदमरून मेले असते. परशरामावर माझा जीव होता. पण जीव असणं वेगळं आणि मिंधं असणं वेगळं.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. गोणपाटाखाली होतं ते लष्कराच्या भंगार लॉरीचं आठ सिलिंडरचं फोर्ड इंजिन. ते ह्यांनी उघडून, घासून, पॉलिश करून नवीन केलं होतं आणि एका उघड्या दोन माणसांच्या गाडीत बसवलं होतं. इंजिन गोड होतं, पण दमाचं कच्चं. चढावर जोर लावला की त्याला श्वास पुरायचा नाही. परशरामाच्या गाडीचं इंजिन ह्याच्यापेक्षा केवढं तरी मोठं. त्याला गाठायचं तर इंजिनाला स्वतःला घेता येते त्याहून जास्त हवा बळंच त्याच्या घशात कोंबायला हवी होती. ते काम करणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात. माझ्या सासूबाई यशोदाबाई त्याला पहिल्या दिवसापासून फुंकणी म्हणायला लागल्या, आणि मला तेच नाव जास्त पटलं. चुलीला फुंकर घातली की जाळ उठतो, तेवढीच गोष्ट.

फुंकण्या दोन मिळण्यासारख्या होत्या. एक कोल्हापुरात, झाडावर आदळलेल्या शर्यतीच्या गाडीची. तिच्यात दोन जाड पाती एकमेकांना घासल्यासारखी फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. दुसरी सांबऱ्याच्या विमानतळावर, लिलावाच्या ढिगात, मोडक्या शिकाऊ विमानाची. तिच्यात एकच चक्र. ते भन्नाट वेगानं फिरतं आणि हवा मधून ओढून कडेला भिरकावतं, गोफणीसारखं.

ह्यांना कोल्हापूरची हवी होती. "ती इंजिन हळू असलं तरी जोर देते. सांबऱ्याची खालच्या वेगाला काहीच देत नाही. चक्राचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे जे काही मिळायचं ते सगळं वरच. घाटात गाडी हळू चालते, कल्याणी."

"गाडी हळू चालते," मी म्हटलं, "इंजिन हळू चालवायला कुणी सांगितलंय? खालच्या गिअरमध्ये टाकायचं आणि ओरडत ठेवायचं. शिवाय ती कोल्हापूरची हवा तापवते. तापलेली हवा पातळ. आधीच आपलं इंजिन उकळी फुटणारं."

 ह्यांची इंग्रजी मोटारीची मासिकं मी दुपारी वाचते हे ह्यांना माहीत होतं, पण मी ती पदार्थांच्या कृतीसारखी पाठ करते हे माहीत नव्हतं. आणि घाट मला शिकवायची गरज नव्हती. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या लॉरीवर मी आणि परशराम दोघंही तवंदीतच गाडी शिकलो होतो. मी आधी शिकले, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

सांबऱ्याची फुंकणी घरी आली. आता ती फिरवायची कशानं? हे म्हणाले, साखळी लावू, साखळी घसरत नाही. मी म्हटलं, लावा. साखळीनं एका संध्याकाळी दात मोडून घेतले. चूक साखळीची नव्हती. ते चक्र एकदा वेगात आलं की आडमुठ्या माणसासारखं आपल्या तालात फिरत राहतं, आणि गिअर बदलताना इंजिन खाली आलं तरी ते खाली यायला तयार नसतं. मधे काहीतरी मोडणारच. मग पिठाच्या गिरणीचा चामडी पट्टा लावला, तो नुसताच घसरून किंचाळला. शेवटी लष्करी लॉरीचे पंख्याचे दोन रबरी पट्टे शेजारी शेजारी बसवले. ते खाचेत घट्ट बसायचे आणि गिअर बदलताना तेवढ्यापुरते सरकून धक्का गिळायचे. पट्टा लहान पुलीला जितकी जास्त मिठी मारेल तितका कमी सुटतो, म्हणून ह्यांनी मधे पट्टा ताणून धरायला स्प्रिंगवर दाबलेलं एक मोकळं चाक घातलं. कार्बुरेटर पत्र्याच्या डब्यात बंद केला, आणि फुंकणीच्या दाबानं पेट्रोल मागे ढकललं जाऊ नये म्हणून टाकीलाही हवेचा दाब दिला. पेट्रोल विमानाचं होतं. ते कुठून आलं हे विचारू नका.

बेळगावबाहेर मच्छे गावाच्या रस्त्यावर गाडी पहिल्यांदा पळवली तेव्हा मी शेजारी बसले होते. इंजिन वर गेलं, फुंकणीची शीळ सुरू झाली, कुणीतरी पाठीत बुक्की मारावी तशी गाडी सुटली, आणि तेवढ्यात ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. शीळ मेली, गाडी मेली.

"काय झालं?"

"ओरडतंय गं ते," हे म्हणाले.

पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मोकळा, सरळ रस्ता, पण इंजिन ओरडलं की ह्यांचा पाय आपोआप वर. स्वतःच्या हातानं बसवलेला एकेक वाल्व्ह ह्यांना ऐकू यायचा, आणि आपल्याच वासराला कुणी चिमटा काढल्यासारखा ह्यांचा चेहरा व्हायचा. ही फुंकणी निवडली होती ती पाय न उचलणाऱ्यासाठी. चौथ्या खेपेला मी ह्यांना खाली उतरवलं आणि स्वतः चाकामागे बसले. परत आले तेव्हा हे रस्त्याच्या कडेला कानांवर हात ठेवून उभे होते.

"घाट मी चढणार," मी म्हटलं. ह्यांनी मान डोलावली, आणि ती मान सुटका झालेल्या माणसाची होती. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची ती सासूबाईंच्या कायद्यानं. पाने, हातोडे, कानस, जॅक, सगळं घासून सतरंजीवर मांडायचं. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत सतरंजीवरच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही; गाडीला तेवढी सूट. विळीसुद्धा पूजेत, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे भाजी हातानं मोडून व्हायची. मी झेंडूचे हार ओवून आणले तोवर ह्यांनी पूजा आटोपली होती. गाडीला हार घातला आणि सहज फुंकणीकडे बघितलं. तिच्या तोंडावरची जाळी काढून बाजूला ठेवली होती. तोंडाच्या काठावर कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा चिकटला होता.

"हे काय?"

"अक्षता," हे हसून म्हणाले. "जाळीवर कशाला वाहायच्या? खरा देव आत आहे. चक्रालाच वाहिल्या."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गल्ली गोळा झाली एवढं सांगते. ते चक्र इंजिनाच्या कितीतरी पट वेगानं फिरतं, आणि त्याच्या पात्यांत आणि कवचात जागा असते ती पोस्टकार्डाच्या जाडीची. तिथे एक तांदूळ सापडला तर पातं वाकतं, आणि पातं वाकलं की फुंकणी संपली, शर्यत संपली, गॅरेज संपलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. असं वेड दुसऱ्या कुठल्या मुलखातला मिस्त्री करेल असं मला वाटत नाही. इथे मात्र प्रेम दाखवायचं म्हटलं की आधी हात अक्षतांकडे जातो.

फुंकणी उघडायला हवी होती. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीच्या बाजूला, म्हणजे उत्तरपूजेच्या आधी निघायला हवं. मी सतरंजीवरच्या पान्याकडे वाकले.

"हात लावू नगंस," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"आत्ती, उद्या गॅरेजला कुलूप लागंल!"

"लागू दे. पुजल्यालं हत्यार उचलायचं न्हाय." त्या पुढे आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "हत्यारं पुजलीत. हात न्हाईत पुजलं. दाणं गेलं त्या वाटंनंच भाईर यायला पायजेत. व्हय का न्हाय?"

माझा राग तिथेच उतरला. दाणे चक्राच्या तोंडाशीच अडकलेले असणार, कारण पूजेनंतर इंजिन फिरवलंच नव्हतं. फुंकणीचं तोंड पुढच्या बाजूला होतं. गल्लीत जमलेल्या लोकांना आम्ही कामाला लावलं. गॅरेजपुढचा उतार चांगला तीव्र होता. गाडी त्याच्यावर नाक खाली करून उभी केली आणि मागची बाजू लोकांनी खांद्यावर उचलून धरली. ह्यांनी स्प्रिंगचं चाक अंगठ्यानं दाबून पट्टे हातानं उतरवले. सासूबाईंनी तोंडाखाली ताम्हन धरलं. मी आत बोटं घालून चक्र हळूहळू फिरवायला लागले, आणि ताम्हनात टक टक दाणे पडायला लागले.

पडायचे थांबले तेव्हा मी म्हटलं, "झालं."

"थांब," हे म्हणाले. फुंकणीला कान लावून बसले होते. "फिरव. पुन्हा फिरव. अजून एक आहे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. "कुठं?"

"डावीकडे, वरच्या अंगाला. चिकटलाय."

माझं बोट तिथे पोचेना. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि सासूबाईंकडे बघितलं.

"आकडा काय हत्यार हाय व्हय?" त्या खेकसल्या. "घाल की!"

तो दाणा निघाला. ह्यांनी पुन्हा कान लावला, मी चक्र फिरवलं, आणि ह्यांनी डोळे मिटून समाधानाचा श्वास सोडला. मागची बाजू खांद्यावर घेतलेले लोक ओरडत होते, आता तरी खाली ठेवू का.

दसऱ्याच्या सकाळी तवंदीच्या पायथ्याला निम्मी निपाणी जमली होती. बैलगाड्या वर आणि खाली थोपवून धरल्या होत्या. हे वर, घाटमाथ्यावर जाऊन थांबले. परशराम नवा फेटा बांधून गाडीत बसला होता. मला चाकामागे बघून तो उठूनच उभा राहिला.

"आक्का, तू?"

"गाडी आमच्या गॅरेजची. चालवायची कुणी हे कुठं ठरलंतं?"

"आगं, पडशील बिडशील."

"तू तुझा फेटा सांभाळ."

रुमाल पडला आणि परशराम सुसाट सुटला. सुरुवातीला माझी गाडी त्याच्यापुढे काहीच नव्हती, फुंकणी झोपलेली होती. त्याच्या धुळीत मला फक्त फेट्याचा शेव दिसत होता. घाबरायचं काही कारण नव्हतं. हे असंच होणार हे मी कोल्हापूर सोडून सांबरा निवडला तेव्हाच मला माहीत होतं. मी दुसरा गिअर धरून ठेवला आणि पाय खाली दाबला, फळीला टेकेपर्यंत. शीळ सुरू झाली. आधी बारीक, मग दात शिवशिवतील अशी.

पहिल्या वळणावर परशरामाचे ब्रेक लागलेले दिसले. त्याच्या लांब गाडीला वळणं पसरून घ्यावी लागत होती. मी उजवा पाय हलवला नाही. डाव्या पायानं क्लच किंचित दाबला, गाडी वळवली आणि क्लच सोडला. इंजिन एक क्षणही खाली आलं नाही आणि चक्र आपल्या तालात फिरत राहिलं. प्रत्येक वळणाला त्याची धूळ जवळ यायला लागली. पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास येत होता, आणि मला इतका आनंद होत होता की मी मोठ्यानं हसत होते.

घाटातल्या देवळाच्या अलीकडच्या मोठ्या वळणाला आतल्या बाजूनं पावसाचं पाणी वाहून माती गेलेली, खाली कडक मुरूम उघडा पडलेला. तिथे चाक घसरत नाही, हे आप्पांनी आम्हा दोघांनाही दाखवलं होतं. परशरामाला त्याची गाडी तिथे घालता येत नव्हती. मला येत होती. मी आतून शिरले, आणि वळण संपलं तेव्हा त्याचं ते लांबलचक बॉनेट माझ्या मागे होतं.

माथा दिसायला लागला आणि एक पट्टा तुटला. फटकन आवाज झाला, शीळ अर्ध्यावर आली. उरलेला एकटा पट्टा सरकायला लागला, धूर यायला लागला. परशरामाचं इंजिन पुन्हा कानाशी आलं. पाय जरा उचलला असता तर तो पट्टा वाचला असता. पट्टा वाचवून मला करायचं काय होतं? पाय तसाच ठेवून मी माथ्यावरच्या गर्दीत घुसले. परशराम एका गाडीच्या अंतरानं मागे होता.

तो उतरला तो रागानं लाल होऊन. स्वतःच्या टायरला एक लाथ मारली, दुसरी मारायला पाय उचलला, आणि मग ती न मारता माझ्याकडे आला. खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातात ठेवली आणि वाकून पाया पडला. "लॉऱ्या येतील आक्का," तो म्हणाला. "सोमवारपास्नं."

मग तो ह्यांच्याकडे वळला. माझा भाऊ पक्का व्यापारी, हरल्यावरही सौदा सोडणारा नव्हे. "दाजी, हेडमिस्त्री म्हणालो ती माजी चूक झाली. भागीदार व्हा. निम्मं वर्कशॉप तुमचं. असलं इंजिन बांदणारा मानूस मला घरात पायजे. चला निपाणीला."

 ही पंगतीतल्यासारखी गोष्ट नव्हती. चांगला, मानाचा सौदा होता, आणि मनापासून केलेला. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल.

हे माझ्या गाडीशी उभे होते, फुंकणीच्या तापलेल्या कवचावर हात ठेवावा की नाही अशा विचारात. डोळे लाल झाले होते, धुळीनं नव्हे.

"परशराम," हे म्हणाले, "खालून वर येईपर्यंत मी कान झाकले नाहीत. सगळं ऐकलं. एकदासुद्धा पाय उचलला नाही हिनं. मला वाटायचं, एवढं ओरडलं की ते तुटणार, कारण मी बांधलंय." हे थांबले. "ते तुटलं नाही. पट्टा तुटला. तो लष्कराचा होता."

लोक हसले. हे हसले नाहीत.

"नाही, परशराम," हे म्हणाले. "मी निपाणीला येणार नाही. मी इंजिनं बांधतो, आणि ती मी माझ्या गॅरेजात बांधणार."

मला तिथेच, सगळ्या निपाणीसमोर, रडू कोसळलं. लोकांना वाटलं जिंकले म्हणून रडते आहे. ह्यांचं हे एक 'नाही' मला बारशाच्या पंगतीतच ऐकायचं होतं, आणि ते ऐकायला मला सगळा घाट चढावा लागला होता.